घरचा कॉम्प्युटर आणि विजेचा हौद



आज आपण एका नव्या वस्तूविषयी बोलणार आहोत. वस्तू नवी आहे, पण तिच्यामागचा विचार फार जुना आहे. आपल्या आज्या-पणज्यांना तो ठाऊक होता. विहिरीला पाणी असो वा नसो, घरात एक हंडा भरलेला असावा. हाच तो विचार.

कागल आणि आसपासच्या गावांतल्या पुष्कळ घरांत आता कॉम्प्युटर आला आहे. कुणाचा मुलगा एमएस-सीआयटी शिकतो. हा वर्ग महाराष्ट्रात २००२ साली सुरू झाला आणि पुढे खेडोपाडी पोचला. कुणाची सून घरबसल्या दाखल्यांचे अर्ज भरून देते. कुणी दूध संस्थेचा हिशोब लिहितं. सात-बारा त्यावर निघतो. शिष्यवृत्तीचा अर्ज त्यावर भरला जातो.

तुमच्यापैकी पुष्कळ जण नुकतेच लिहाय-वाचायला शिकले आहेत. तुम्ही म्हणाल, "आम्हाला वही-पेन धरता आलं हेच लई झालं. त्या डब्याशी आमचा काय संबंध?" संबंध आहे, मंडळी. पैसा तुमचा आहे. हिशोब तुमचा आहे. पोरं तुमची आहेत. मग तो डबा नीट चालला पाहिजे, ही काळजीही तुमचीच आहे.

एका गटाची गोष्ट

कागल तालुक्यातल्या एका गावातली गोष्ट सांगतो. गावाचं नाव सांगत नाही. त्याची गरजही नाही.

तिथं बायकांचा बचत गट होता. बारा बायका. दर महिन्याला ठरलेले पैसे भरायच्या. अडल्या-नडल्या बाईला गटातून कर्ज मिळायचं. कुणी शेळी घेतली, कुणी शिलाई मशीन घेतलं. हिशोब वहीत असायचा. पुढं एका घरी कॉम्प्युटर आला. त्या घरची लेक शिकलेली. ती म्हणाली, "मावशी, आता वही कशाला? मी सगळं कॉम्प्युटरवर घेते." सगळ्यांना बरं वाटलं. वही बंद झाली.

मे महिना होता. वळवाचा पाऊस आला. वारा सुटला. लाईट गेली. लगेच आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. असं तीन-चारदा झालं. कॉम्प्युटर चालूच होता. शेवटी तो बंद पडला तो उठलाच नाही. तालुक्याला नेला. दुरुस्ती करणारा म्हणाला, "आतली डिस्क गेली. माहिती निघत नाही."

मग काय झालं? पुढच्या बैठकीत एक बाई म्हणाली, "माझे सात हप्ते फिटलेत." दुसरी म्हणाली, "सात न्हाईत, सहाच." आवाज चढले. वर्षानुवर्षं एका पाणवठ्यावर भेटणाऱ्या बायका एकमेकींकडं संशयानं बघू लागल्या. पैशापेक्षा हे नुकसान मोठं.

त्या गटात एक आक्का होत्या. साक्षरता वर्गाला जायच्या. अक्षर गिरवायचा सराव म्हणून त्या दर महिन्याला एका वहीत लिहायच्या. अमकीनं किती भरले, तमकीनं किती घेतले. अक्षर वेडंवाकडं, पण आकडा बरोबर. ती वही पुढं आली. बँकेचं पासबुक शेजारी ठेवलं. दोन दिवस बसून हिशोब जुळवला. गट वाचला.

यातून दोन धडे मिळतात. पहिला धडा असा, की कॉम्प्युटर आला तरी वही सोडू नये. दुसरा धडा असा, की कॉम्प्युटरला विजेपासून जपावं लागतं. आजचं बोलणं या दुसऱ्या धड्याविषयी आहे.

पाटी आणि वही

लाईट गेली की दिवा विझतो. लाईट आली की पुन्हा लागतो. दिव्याचं काही बिघडत नाही. मग कॉम्प्युटरचंच का बिघडतं?

कॉम्प्युटरच्या पोटात दोन जागा असतात. एक जागा पाटीसारखी. दुसरी वहीसारखी. आपण काम करत असतो ते सगळं आधी पाटीवर असतं. लाईट गेली की ही पाटी आपोआप पुसली जाते. तासभराचं काम क्षणात नाहीसं होतं.

पाटीवरचं वहीत उतरवायचं, याला 'सेव्ह करणं' म्हणतात. म्हणून कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलाला सांगावं, "बाळ, घडोघडी सेव्ह कर." त्याला पैसे पडत नाहीत.

पण एवढ्यानं भागत नाही. कॉम्प्युटर वहीत लिहीत असतानाच लाईट गेली, तर लिहिणं अर्धवट राहतं. पान फाटावं तसं होतं. कधी एक पान जातं, कधी सगळी वहीच उघडत नाही.

विजेच्या चार खोड्या

वीज म्हणजे पाटाच्या पाण्यासारखी समजा. पाण्याला जसा जोर असतो, तसा विजेला दाब असतो. त्या दाबाला व्होल्टेज म्हणतात. आपल्या घरात २३० व्होल्टच्या आसपास दाब असावा लागतो. थोडं कमी-जास्त चालतं. फार झालं की त्रास होतो.

पहिली खोडी, लाईट एकदम जाणं. हे तर आपल्या अंगवळणी पडलं आहे. २००५ नंतरची काही वर्षं आठवा. भारनियमनानं गावंच्या गावं तासन्‌तास अंधारात असायची. आता तेवढं राहिलं नाही. तरी तारेवर फांदी पडते, डीपीवरचा फ्यूज उडतो, आणि लाईट जातेच.

दुसरी खोडी, दाब पडणं. मोटारी एकदम चालू झाल्या की दिवे मिणमिणतात. बऱ्याच गावांत गावठाणाची लाईन आणि शेतीची लाईन वेगळी केली आहे. त्यानं त्रास कमी झाला, पण गेला नाही. दाब पडला की कॉम्प्युटर अचानक बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

तिसरी खोडी, दाब चढणं. गेलेली लाईट परत येते तेव्हा कधीकधी धक्का देऊन येते. त्याहून वाईट म्हणजे न्यूट्रलची तार तुटणं. मग २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब घरात शिरू शकतो. दिवे एकदम लख्ख होतात आणि फुटतात. टीव्ही, फ्रीज, कॉम्प्युटर, सगळं जळू शकतं. अशा वेळी विचार करत बसू नका. आधी मेन स्विच बंद करा. मग वायरमनला कळवा, किंवा महावितरणला १९१२ या नंबरवर फोन करा. तुटलेल्या तारेला मात्र कुणीही हात लावू नये, आणि जवळही जाऊ नये.

चौथी खोडी, आभाळातली वीज. तिच्यापुढं कोणतीच पेटी टिकत नाही. ढग गडगडू लागले की कॉम्प्युटर बंद करावा आणि प्लग काढून ठेवावा. इंटरनेटची तांब्याची तार असेल तर तीही काढावी. या तारेतूनही वीज आत येते, हे पुष्कळांना माहीत नसतं. कडकडाट अगदी डोक्यावर आला असेल, तर मात्र तारांना हात लावू नका. हे काम आधीच करून ठेवायचं.

विजेचा हौद

कागलकरांना जयसिंगराव तलाव ठाऊक आहे. पावसाळ्यात पाणी साठतं आणि पुढं ते कामी येतं. यूपीएस नावाची पेटी हेच काम विजेसाठी करते. लाईट असते तेव्हा ती आपल्या बॅटरीत वीज भरून घेते. लाईट गेली की डोळ्याचं पातं लवायच्या आत बॅटरीतली वीज कॉम्प्युटरला देते. कॉम्प्युटरला लाईट गेल्याचा पत्ताही लागत नाही.

बॅटरीतली वीज एकाच दिशेनं वाहते. तारेतून येणारी वीज सेकंदाला ५० वेळा मागं-पुढं होते. बॅटरीच्या विजेला तारेच्या विजेसारखं करून द्यायचं, हेही काम ही पेटीच करते.

पेट्या तीन प्रकारच्या असतात. पहिली साधी. लाईट गेली तरच ती जागी होते. दुसरीला 'लाईन इंटरॅक्टिव्ह' म्हणतात. तिच्यात दाब सावरणारा भाग असतो. दाब थोडा पडला वा चढला तर बॅटरी न वापरताच ती तो नीट करते. तिसरी 'ऑनलाईन'. ती कॉम्प्युटरला सतत स्वतःची वीज देते. ती महाग असते. मोठ्या कचेऱ्या आणि दवाखाने ती घेतात. आपल्या गावात दाब खाली-वर होतो. तेव्हा घरासाठी दुसऱ्या प्रकारची पेटी सोयीची.

थोडा हिशोब करू

घेण्याआधी हिशोब करावा. अवघड नाही. तुम्ही दुधाचा हिशोब करता, तसाच आहे.

घरगुती पेटीवर बहुधा '६०० व्हीए' असं लिहिलेलं असतं. हे ६०० वॅट नव्हेत. शेजारी बारीक अक्षरात वॅटचा आकडा असतो. तो साधारण ३६० असतो. तोच आपल्या कामाचा. साधा घरगुती कॉम्प्युटर आणि त्याचा पडदा मिळून १०० ते १५० वॅट खातात. म्हणजे पेटी पुरते.

आता ती किती वेळ पुरेल? आतली बॅटरी पुष्कळदा १२ व्होल्ट आणि ७ अँपिअर-तासांची असते. १२ गुणिले ७, झाले ८४. म्हणजे ८४ वॅट-तास वीज साठली. कॉम्प्युटर १२० वॅट खात असेल, तर कागदावर ४२ मिनिटं येतात. पण कागदावरचा आकडा आणि शिवारातलं पीक यांत फरक असतो. पेटी स्वतः थोडी वीज खाते. बॅटरीतून भराभर वीज काढली की ती लवकर दमते. म्हणून प्रत्यक्षात १५-२० मिनिटं धरावीत. बॅटरी जुनी झाली की त्याहून कमी.

मग ही १५ मिनिटं कशासाठी? काम चालू ठेवण्यासाठी नव्हे. काम सेव्ह करून कॉम्प्युटर रीतीनं बंद करण्यासाठी. पेटी 'टीं टीं' असा आवाज करते. तो आवाज म्हणजे एसटीची घंटा समजा. घंटा झाली की सामान आवरायचं. गप्पा मारत बसलं तर गाडी चुकते.

तुमचे प्रश्न

असं बोलणं झालं की लोक प्रश्न विचारतात. त्यांतले नेहमीचे तीन इथं देतो.

एक आप्पा विचारतात, "आमच्यात इन्व्हर्टर हाय की. मग ही पेटी कशापायी?"

आप्पा, प्रश्न बरोबर आहे. इन्व्हर्टर दिवे-पंख्यासाठी असतो. लाईट गेल्यावर तो क्षणभर थांबून चालू होतो. दिव्याला ते चालतं. कॉम्प्युटर तेवढ्यात बंद पडतो. काही इन्व्हर्टरवर 'यूपीएस' असं लिहिलेलं बटण असतं. ते त्या बाजूला केलं की तो लवकर चालू होतो. तुमच्या इन्व्हर्टरला ते आहे का, वायरमनला विचारा. असलं तर आणि कॉम्प्युटर बंद न पडता चालला, तर दुसरी पेटी घ्यायची गरज नाही.

एक मावशी विचारतात, "पोरगी मांडीवर घ्यायचा कॉम्प्युटर वापरती. त्याला पण पायजे का?"

नको, मावशी. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. लाईट गेली तरी तो चालतो. त्याला दाब चढण्यापासून जपलं म्हणजे झालं. मोबाईलचंही तसंच.

एक तरुण विचारतो, "पेटीवर टीव्ही, इस्त्री लावली तर?"

लावू नका. इस्त्री, मिक्सर, पंखा, टीव्ही यांसाठी ती पेटी नाही. लेझर प्रिंटरही तिच्यावर नको. तो सुरू होताना एकदम जास्त वीज ओढतो आणि पेटी बंद पडते. कॉम्प्युटर, पडदा आणि इंटरनेटची डबी, एवढंच तिच्यावर असावं.

वारणेचं उदाहरण

आपल्याच जिल्ह्यात वारणानगर आहे. १९९८ साली तिथं एक मोठी योजना सुरू झाली. वारणा परिसरातली सुमारे ७० गावं कॉम्प्युटरनं जोडायची. उसाचं वजन किती झालं, बिल किती निघालं, हे शेतकऱ्याला गावातच कळावं. त्या काळी हे फार पुढचं पाऊल होतं. पुढं २००६-०७ च्या सुमारास काही गावांत दुसरा प्रयोग झाला. कॉम्प्युटरच्या जागी मोबाईलवर निरोप पाठवून तीच माहिती दिली. मोबाईलची एक सोय बघा. त्याचा विजेचा हौद त्याच्या पोटातच असतो. खेड्यात यंत्र चालवायचं तर त्याच्या पोटापाण्याची सोय आधी करावी लागते, हे यावरून कळतं.

पेटीची मर्यादाही ओळखा. २०१९ आणि २०२१ साली आपल्या जिल्ह्यात महापूर आला. कित्येक गावांत दिवसचे दिवस लाईट नव्हती. तेव्हा ही पेटी काय करणार? हंडाभर पाणी म्हणजे नदी नव्हे. पुरासारख्या वेळी कामाची एक नक्कल दुसरीकडं असणं, हाच उपाय. महत्त्वाचा हिशोब पेन ड्राईव्हवर घ्या आणि तो दुसऱ्या घरी, उंचावर ठेवा. आणि वही आहेच.

पेटी कशी सांभाळावी

१. नवी पेटी आणली की आधी सहा-आठ तास भरू द्या. मगच कामाला लावा.

२. तीन पिनांचा प्लग वापरा. तिसरी पिन अर्थिंगची असते. ती तोडू नका. अर्थिंग नीट नसेल तर जाणत्या वायरमनकडून करून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा. माती सुकली की अर्थिंग कामाचं राहत नाही.

३. पेटी चुलीजवळ, ओल्या भिंतीला किंवा गोणपाटाखाली ठेवू नका. तिला हवा लागते. उष्णतेनं बॅटरीचं आयुष्य कमी होतं.

४. महिन्यातून एकदा परीक्षा घ्या. काम सेव्ह करा, आणि भिंतीवरचं बटण बंद करा. कॉम्प्युटर चालू राहिला तर पेटी ठीक. लगेच बंद पडला तर बॅटरी संपली. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलावी लागते, हे आधीच धरून चाला.

५. लाईट परत आली की लगेच कॉम्प्युटर लावू नका. पाच-दहा मिनिटं थांबा. लाईट टिकते का बघा.

६. पेटी घरी उघडू नका. प्लग काढला तरी आत वीज असते. मुलांना जवळ खेळू देऊ नका. बॅटरी फुगली, वास आला, तर ताबडतोब वापर बंद करा.

७. जुनी बॅटरी उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नका. तिच्यात शिसं आणि तेजाब असतं. ते पाण्यात गेलं तर माणसाला आणि जनावराला विषारी. ती दुकानदाराला परत द्या. २०२२ च्या नियमाप्रमाणे जुन्या बॅटरीची नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. पुष्कळ दुकानदार जुनीचे थोडे पैसेही वळते करतात.

दुकानात गेल्यावर

दुकानात तीन गोष्टी विचारा. पेटी किती वॅटची? तिच्यात दाब सावरणारा भाग आहे का? बॅटरीची हमी किती महिन्यांची? दुकानदार तोंडी सांगेल. तेवढ्यावर जाऊ नका. पेटीवरचा आकडा स्वतः वाचा. पावती मागा, आणि तीही तिथंच उभं राहून वाचा. हमीची तारीख आहे का, दुकानाचा शिक्का आहे का, बघा. पूर्वी आपण अंगठा उठवून घरी यायचो. आता तसं नाही.

पैशाची अडचण असेल तर घाई करू नका. तोवर फुकटचे उपाय करा. घडोघडी सेव्ह करा. ढग आले की प्लग काढा. आठवड्यातून एकदा नक्कल घ्या. वही लिहा. मग जमेल तेव्हा पेटी घ्या. पण कॉम्प्युटर विकत घेतानाच तिचे पैसे बाजूला काढले तर सगळ्यात उत्तम. बैल गेला आणि झोपा केला, असं नको.

शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यातले. १९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा हुकूम काढला. गोरगरिबांच्या पोरांच्या हाती पाटी यावी, ही त्यांची तळमळ. आज त्या पाटीच्या जोडीला कॉम्प्युटर आला आहे. तो जपायला मोठी विद्या लागत नाही. थोडी काळजी लागते, थोडा हिशोब लागतो, आणि वाचता यावं लागतं. ते तुम्हाला आता येतं.

उद्या घरी एक काम करा. कॉम्प्युटर असेल तर त्याच्यामागची तार कुठं जाते ते बघा. पेटी असेल तर तिच्यावरचे आकडे वाचून वहीत उतरवा. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. आपण मिळून हिशोब करू.